अबोल्याचा बाजार

वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काजूबियांची पोती येतात,
घानाची, बेनिनची. रिकामं झालेलं एखादं
मी घरी आणते पायपुसण्याला.
अक्षरं विरेपर्यंत रोज एका देशावर पाय पुसते.
त्याचीच लाज वाटून असेल,
वाचनालयातून ते जाड पुस्तक आणलं.

वाळवंटात तगाझा नावाचं गाव होतं.
भिंती मिठाच्या, छपराला उंटाची कातडी,
झाड औषधालाही नाही.
तिथून मिठाच्या लाद्या उंटांवर चढायच्या
आणि कित्येक आठवडे दक्षिणेला चालायच्या,
जिथे सोनं होतं पण जिभेला मीठ नव्हतं.
व्यापारी नदीकाठी ढीग मांडत, ढोल वाजवत,
दिसेनासे होईतो मागे जात.
मग पलीकडचे येत, ढिगाशेजारी सोन्याची पूड ठेवून निघून जात.
भाव पटला तर हे सोनं उचलत.
नाही पटला तर हात न लावता परत फिरत,
आणि पलीकडचे येऊन आणखी चिमूटभर ठेवत.
कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही, म्हणे.

पुस्तक मिटून मी हसत सुटले.
अहो, हे तर आमच्या शिरोड्यातलं!

बाबा मिठागरात, भागोजीकाका रापणीवर.
मधे एक बांध आणि अकरा वर्षांचा अबोला.
कुणी म्हणे माडाच्या वाट्यावरून,
कुणी म्हणे आजीच्या एका पुतळीवरून.
सकाळी बाबा बांधावर मिठाची टोपली ठेवत,
डालड्याचा डबा तीनदा बडवत आणि पाठ फिरवत.
काका येई. पेडवे ठेवी, बांगडे ठेवी. जाई.
बाबा बघत, कान खाजवत, कमी वाटलं तर तसंच टाकून येत.
"तेका सांग, अजून चार होये."
मी चप्पल घालेपर्यंत
बांधावर चार बांगडे आलेले असत.

घानाच्या राजाच्या ताब्यात म्हणे सोन्याच्या खाणी नव्हत्याच.
तो नुसता मधे बसला होता.
आत येणाऱ्या गाढवभर मिठावर एक दिनार,
बाहेर जाणाऱ्यावर दोन.
आमचं साम्राज्य म्हणजे आई.
बांधावरून येता-जाता इकडची मूठ, तिकडचा मासा
ती पदराखाली काढून घेई.
त्या जकातीवर माझी फी भरली गेली,
एक शेळी आली, कानांत कुड्या आल्या.
पुढे घाना बुडालं, माली आलं, सोंघाई आलं.
वाटा त्याच, पेटी तेवढी दुसऱ्याच्या मांडीवर.
आई गेल्यावर ती माझ्या मांडीवर आली.

एक बाजूच मरून गेली तर काय करायचं,
ते पुस्तकात नव्हतं.

बाबा माघात गेले.
काका मसणवटीपर्यंत आला,
सुरूच्या झाडांत लांब उभा राहिला, तसाच गेला.
तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बांधावर
पानावर पाच बांगडे. मीठ मांडलेलं नसताना.
मला हात लावायचं सुचलं नाही.
उद्या पाहते तर शिळे नाहीत, दहा ताजे.
माझ्याकडून पुन्हा काही नाही.
परवा अख्खी सुरमई, शेपूट टोपलीबाहेर,
आणि तिच्या पोटाखाली केळीच्या पानात
आजीची पुतळी.

भाव पटत नाही, असंच त्याला वाटत असणार.

मी कोंडीत उतरले, बाबांची फळी ओढली.
माझ्या हातचं मीठ ओबडधोबड निघालं,
चिखलाची करडी झाक असलेलं.
टोपली भरून बांधावर ठेवली.
सुरमई उचलली, पुतळी तिथेच राहू दिली.
डबा तीनदा वाजवला.
आता मागे जायचं असतं.
मी गेले नाही.